कानामागे

पुंता अरेनासमध्ये ऊन लागत नाही.
म्हणजे लागतं,
पण लागल्यासारखं वाटत नाही.

ऑक्टोबर असतो, अंगावर लोकरीचे दोन थर,
सामुद्रधुनीवरून सुटलेला वारा
माणसांना ढकलत दिव्याच्या खांबाला मिठी मारायला लावतो,
आणि वर, पातळ ढगांच्या आडून,
चिमूटभर ऊबही न देता
सूर्य आपलं काम उरकत असतो.

माझे वडील एलिओदोरो बार्रिया
एकतीस वर्षं टपाल वाटत होते.
थैली घेऊन टेकडी चढायचे, तोंड पश्चिमेला.
आमच्याकडे सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो,
म्हणजे कायम त्यांच्या उजव्या हाताला.
उतरताना खात्याची गाडी मिळायची.
डावा कान अख्खी नोकरी सावलीत होता.

हे गणित आम्ही मांडलं दवाखान्याच्या बाकावर,
नंबर यायची वाट बघताना,
एका जुन्या पाकिटाच्या मागच्या बाजूला.

खात्याकडून दर वसंतात क्रीमची ट्यूब यायची.
"हे किनाऱ्यावर लोळणाऱ्यांसाठी," ते म्हणायचे,
"आपल्या समुद्रात कुणी पाय तरी बुडवून दाखवा."
आईने एकदा ती दाराच्या बिजागरीला चोपडून पाहिली.
कुरकुर थांबली नाही.

मी शाळेत होते, फाटकावरचा झेंडा बदलणं माझं काम.
ऊन किती घातक, त्याप्रमाणे
हिरवा, पिवळा, केशरी, लाल,
आणि फारच वाईट दिवशी जांभळा.
जांभळ्याखाली उभे राहून ते पत्रं मोजायचे
आणि मला विचारायचे,
"हा कुठल्या देशाचा गं?"
मुलं हसायची. मीही हसायचे.
ते हसणं मला अजून परत घेता आलेलं नाही.

मग कानाच्या वरच्या कडेला एक खपली.
मसुरीच्या डाळीएवढी.
उशीवर पडायची, आठवड्यात पुन्हा धरायची.
वडिलांनी खापर फोडलं न्हाव्यावर.
स्लावको बोलला नाही. पुढच्या खेपेला
आरसा त्यांच्या हातात दिला, कात्री खाली ठेवली.
"ही जखम माझी नाही, एलिओदोरो.
माझ्या जखमा भरून येतात."

वर्षभर जी गोष्ट आम्ही कानामागे टाकली
ती कानावरच बसलेली होती.

डॉक्टरांनी त्रिकोणी तुकडा काढला.
टाके सुकले, पट्टी निघाली,
आणि वडील कितीतरी वेळ आरशात बघत राहिले.
लहानपणी ते काकांच्या मेंढ्यांना खुणा करायचे,
प्रत्येक कळपाची खाच वेगळी,
कान बघितला की मालक कळायचा.
"हं," म्हणाले, "आता कळलं
मी इतकी वर्षं कुणाचा चरत होतो ते."

आता रोज सव्वासातला
ते खुर्ची खिडकीपाशी ओढतात,
चष्मा काढतात, डोळे मिटतात.
बाहेर धुकं असलं तरी. बर्फ असला तर हमखास.
मी बोटावर क्रीम घेते. नाक. गालफडं.
मान, जिथे कॉलर संपते तिथून खाली दोन बोटं जास्तच.
मग खाच. तिथे त्यांना माझा हात कळत नाही,
म्हणून मी तोंडाने सांगते, "लावतेय."
मग कानामागे.

"आणि डाव्याला कशाला?
त्याने काय पाहिलंय ऊन?"
"अजून पूर्ण आहे, म्हणून."

टोपीची दोरी हनुवटीखाली बांधून
ते कोपऱ्यापर्यंत जातात,
टपालाची नवी पोर येते त्या वेळेला.
योसेलिन कानांत गाणी घालून चढत असते.
ते तिला थांबवतात, टोपी वर करतात,
काही न बोलता मान वळवतात.
पहिल्या दिवशी ती घाबरली होती म्हणे.
काल तिने खिशातली ट्यूब काढून दाखवली,
झाकण न उघडलेली.
तिच्यासमोर ते तसेच उभे राहिले,
वाऱ्यात, तिने ती उघडेपर्यंत.

दाराची बिजागरी अजून कुरकुरते.
तिला आम्ही तेल घालतो.